छावणीतली सातवी साथ

प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पुडी विरघळवायची, एवढीच तिची कृती. पुडीवरचे घटकही आपण कधीतरी वाचलेले असतात: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सारी मिळून साडेवीस ग्रॅम भुकटी. शाळेत ती 'जुलाब झाल्यास काय करावे' या धड्यात येते आणि तिथेच संपते. पण हे मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरले गेले ते निर्वासितांच्या छावण्यांच्या परिसरात, कॉलऱ्याच्या साथीत, आणि तेही डॉक्टरांजवळची सलाईन संपत आली म्हणून. साथ आली की मदतकार्याचे काय होते, हे समजून घ्यायला या पाण्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

कॉलऱ्याच्या जागतिक साथी आतापर्यंत सात मोजल्या जातात. पहिली १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागातून पसरली. इकडे पेशवाईच्या अखेरच्या लढाया चालू होत्या. लॉर्ड हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडात असताना याच साथीने तिच्यात हाहाकार उडवला आणि पुढच्या वर्षी साथ दख्खनमध्ये उतरली. सातवी साथ १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून निघाली. तिचा जंतू 'एल टोर' जातीचा. सिनाई द्वीपकल्पातल्या एल टोर या ठिकाणी यात्रेकरूंना अलग ठेवण्याचे केंद्र होते, तिथे तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला म्हणून हे नाव. हा जंतू जुन्या जंतूपेक्षा सौम्य, पण म्हणूनच जास्त धूर्त म्हणायला हवा. अनेकांना त्याची लागण होऊनही काही त्रास होत नाही. ते हिंडत राहतात आणि त्यांच्या विष्ठेतून जंतू पसरत राहतो. १९६४ मध्ये ही साथ कोलकात्याला पोचली, १९७० मध्ये पश्चिम आफ्रिकेत, १९९१ मध्ये पेरूत. ती अजून संपलेली नाही. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेली ही एकच साथ आहे.

कॉलऱ्याला जे हवे असते ते सारे छावणीत एकत्र येते. दाटीने राहणारी माणसे, शौचाला जागा नाही, पिण्याचे आणि धुण्याचे पाणी एकाच डबक्यातले, चालून चालून थकलेली आणि अर्धपोटी शरीरे. रोग मारतो तो मात्र एकाच मार्गाने. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात या जंतूची ओळख पक्की केली. पण तो नेमके काय करतो हे कळायला आणखी पंचाहत्तर वर्षे जावी लागली. १९५९ मध्ये कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला द्रव घातला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडे शरीरातले पाणी व क्षार बाहेर टाकू लागते. गंभीर रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. उपचार नसेल तर अशा रुग्णांपैकी निम्मे दगावू शकतात, आणि तेही काही तासांत. उलट गेलेले पाणी आणि क्षार वेळेवर परत दिले तर जवळजवळ सगळे वाचतात. म्हणजे प्रश्न औषधाच्या शोधापेक्षा पाणी पोचवण्याचा आहे.

आता १९७१ कडे येऊ. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात दडपशाही सुरू केली आणि माणसांचे लोंढे सीमा ओलांडू लागले. वर्षअखेर भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. त्यातले बहुसंख्य पश्चिम बंगालमध्ये होते. आठशेहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. जागा अपुरी पडली तेव्हा लोक शाळांत, झाडांखाली, सिमेंटच्या मोठ्या नळांमध्येही राहिले. खर्चाचा भार इतका होता की नोव्हेंबर १९७१ पासून देशभर टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. कुटुंबनियोजनाच्या नेहमीच्या तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असा शिक्का मारलेली ती तिकिटे जुन्या संग्रहांत आजही सापडतात. रत्नागिरीहून मुंबईला लिहिलेल्या पत्रामागेही त्या काळी निर्वासितांसाठी पाच पैसे जात होते.

पावसाळा तोंडावर आला आणि छावण्यांत कॉलरा पसरला. जेसोरहून कोलकात्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, सीमेला लागून, बनगाव नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास सुमारे साडेतीन लाख निर्वासित होते. गावच्या रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या, आणि खाटा सोळा. कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनोबीस जूनच्या अखेरीस तिथे पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेत सुई घालायची तर वांती आणि विष्ठेत गुडघे टेकून बसावे लागे. सलाईन अपुरी, आणि त्यांच्या तुकडीत शिरेतून सलाईन देण्याचे शिक्षण घेतलेले लोक दोनच. दोन दिवसांतच ही लढाई आपण हरत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले.

इथे थोडे थांबून त्या वेळच्या मदतीचा विचार करायला हवा. मदत येतच नव्हती असे नाही. परदेशांतून विमानाने औषधे आणि सलाईन येत होती. पण सलाईन म्हणजे काय ते पाहा. पाण्याने भरलेल्या बाटल्या! एका गंभीर रुग्णाला दहा-दहा लिटर लागणार. म्हणजे विमानातून आणि मालमोटारीतून मुख्यतः पाणीच वाहून न्यायचे, आणि ते पाणीही निर्जंतुक हवे, सोबत सुया हव्यात, नळ्या हव्यात, आणि शीर शोधणारा प्रशिक्षित हात हवा. रुग्ण सुकला की शिरा आक्रसतात आणि तोच हात आणखी कुशल लागतो. साखळीतली कोणतीही एक कडी तुटली की उरलेल्या साऱ्या कड्या निरुपयोगी. लसही होती; पण त्या काळची टोचायची लस अर्धवट आणि काही महिन्यांपुरतेच संरक्षण देई. आजारी पडलेल्याला तर तिचा काहीच उपयोग नव्हता.

तोंडाने पाणी का देत नव्हते, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. दिले तर ते जुलाबावाटे निघून जाते, असाच अनुभव होता. नुसते मीठपाणी आतड्यात शोषलेच जात नाही. मेख आहे ती साखरेत. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असते, ते ग्लुकोजच्या रेणूला सोडियमसोबतच आत घेते. दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी जाते. कॉलऱ्याचे विष पाणी बाहेर सोडणारा रस्ता उघडते, पण हा जोडीने आत जाण्याचा रस्ता शाबूत ठेवते. एका दाराने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या दाराने आत घेता येते. साखर प्रमाणात मात्र हवी. फार गोड पाणी झाले तर आतड्यातच उलटे पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. ('अंदाजाने थोडी जास्त साखर घाला' असे सांगणाऱ्या आजीला हे आवर्जून सांगावे.)

ही कल्पना १९७१ मध्ये नवी नव्हती. कोलकात्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केलेल्या रुग्णांची माहिती छापली होती. तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९६८ मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी काटेकोर मोजमाप करून दाखवले की असे पाणी पाजले तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. कोलकात्याच्या गटाचेही निष्कर्ष तसेच होते. पण हे सारे रुग्णालयात, सतत मोजमाप चालू असताना. अशिक्षित नातेवाइकांच्या हाती हे काम द्यावे, असे वैद्यकातल्या जाणत्यांना वाटत नव्हते. मीठ जास्त झाले तर? पाणी कमी पाजले तर? या शंका खोट्या होत्या असे म्हणता येणार नाही.

बनगावात शंकांना वेळ नव्हता. कोलकात्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, साधे मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. आजच्या पुडीशी ताडून पाहिले तर त्यात पोटॅशियम नव्हते, साखर जास्त होती. सारे सामान बाजारात मिळणारे. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली जात. बनगावात या पिशव्या पिंपांतल्या पाण्यात मिसळत. पिंपाच्या तोटीला मग लावायचा, भरायचा आणि आपल्या माणसाला पाजत राहायचे. पाजणारे कोण? आई, भाऊ, नवरा, शेजारी. 'तहान लागेल तेवढे पाजत राहा' ही मुख्य सूचना. तहान हेच माप. सलाईन राखून ठेवली ती बेशुद्धीत गेलेल्यांसाठी.

आठ आठवड्यांत सुमारे ३७०० रुग्णांवर असे उपचार झाले. आधी त्या रुग्णालयात कॉलऱ्याचे ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे: ३७०० चे ३० टक्के म्हणजे १११०, आणि ३.६ टक्के म्हणजे सुमारे १३३. त्याबरोबरच एक प्रश्नही विचारावा, की हा पुरावा निर्विवाद आहे का? प्रयोगशाळेतल्या प्रयोगात एका गटाला उपचार देतात, दुसऱ्याला देत नाहीत आणि तुलना करतात. इथे तुलना आधीच्या दिवसांशी आहे. साथीचा जोर ओसरला असेल, रुग्ण लवकर येऊ लागले असतील, असे आक्षेप घेता येतात, आणि तेव्हा घेतलेही गेले. पण दुसरा गट करायचा म्हणजे समोर पिंप असताना काही लोकांना पाणी नाकारायचे. ते कोणी केले नाही, आणि करायलाही नको होते.

एक लहानसा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मीठ-ग्लुकोजचे पाणी कसे करावे याची पत्रके छापून सीमेवर वाटली गेली, आणि ही कृती बांगलादेशाच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. म्हणजे ज्या मुलखात मदतीची एकही मालमोटार जाऊ शकत नव्हती तिथे उपचाराची कृती पोचली. सलाईन रेडिओवरून पाठवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बारुआ बनगावला येऊन गेले आणि त्यांनी हे काम उचलून धरले. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच साली 'लॅन्सेट'च्या संपादकीयात मीठ-साखरेच्या शोषणाचा हा शोध शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असे म्हटले गेले. महालनोबीसांना मात्र मायदेशी मोठा सन्मान मिळाला तो मरणोत्तर: ऑक्टोबर २०२२ मध्ये ते वारले आणि २०२३ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले.

निर्वासित १९७२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत परतले. परतलेल्यांची घरे पुन्हा उभी करण्यासाठी सिल्हेट भागातल्या शाल्ला इथे फझले हसन आबेद यांनी एक छोटी संस्था काढली; तीच पुढे 'ब्रॅक' या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरी गेल्या आणि त्यांनी तिथल्या आईला तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण करायला शिकवले. कार्यकर्तीचा मेहनताना किती घरी गेली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासणीस गेल्यावर त्या आईला किती मुद्दे आठवतात यावर ठरे. शिक्षकांचे पगार असे ठरू लागले तर काय होईल, हा विचार मनात येतोच. असो.

इतके सारे माहीत झाल्यावर पुढच्या छावण्यांत कॉलऱ्याने माणसे मरायला नको होती. पण जुलै १९९४ मध्ये गोमा इथे मेली. रवांडातल्या वंशसंहारानंतर पाच ते आठ लाख माणसे चार-पाच दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजच्या काँगोमधल्या) गोमा शहराभोवती येऊन पडली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. शौचासाठी चर खणता येत नव्हते, आणि पुरण्यासाठी खड्डेही. पाण्यासाठी किवू सरोवर. २० जुलैला कॉलऱ्याचा पहिला रुग्ण सापडला. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेले पाणी मिळाले ते माणशी दिवसाला सरासरी ०.२ लिटर, म्हणजे चहाचे दोन कप. पहिल्या महिन्यात जवळजवळ पन्नास हजार निर्वासित मेले. बहुतेक जुलाबाच्या रोगांनी.

जलसंजीवनी शोधून काढल्याला तोवर पाव शतक होत आले होते. मग काय चुकले? नंतर झालेल्या पाहणीत जे आढळले ते वाचून बनगाव आठवतो. पाणी भरून काढण्याचे काम फार हळू चालले होते, तोंडावाटे पाजण्याचा उपाय पुरेसा वापरलाच गेला नाही, आलेल्या अनेक वैद्यकीय मदतनिसांना कॉलऱ्याचा अनुभव नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत काही ठिकाणी दर पाच रुग्णांत एकाहून अधिक दगावत होता. शिवाय बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर झाले. तंबूतला डॉक्टर आणि झोपडीतला रुग्ण यांच्यामध्ये मग भरून पाजणारे कोणी उभे केलेले नव्हते. पुडी होती, पण ती ज्यात विरघळवायची ते पाणी नव्हते, आणि पाजणाऱ्या हाताला कोणी शिकवले नव्हते. कॉलऱ्यापाठोपाठ रक्ती हगवण आली. तिच्यावर नुसत्या जलसंजीवनीने भागत नाही, हेही नमूद करायला हवे. गोमानंतर मदतसंस्थांनी एकत्र येऊन १९९७ मध्ये 'स्फिअर' नावाचा उपक्रम सुरू केला आणि किमान मापे ठरवली. त्यातले एक माप: दरडोई दररोज निदान १५ लिटर पाणी.

मदत अपुरी पडणे ही एक गोष्ट, मदतीसोबतच रोग येणे ही दुसरी. जानेवारी २०१० च्या भूकंपाने हैतीत सुमारे पंधरा लाख माणसे बेघर झाली. त्या देशात शतकभर तरी कॉलऱ्याची नोंद नव्हती. ऑक्टोबरमध्ये तो उद्भवला, पण भूकंपग्रस्तांच्या छावण्यांत नव्हे, तर नदीकाठच्या खेड्यांत. माग काढत गेल्यावर तो मिरबाले इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळापाशी पोचला. नेपाळहून आलेल्या तुकडीच्या तळावरचे सांडपाणी ओढ्यात जात होते. नेपाळमध्ये तेव्हा कॉलरा होता. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. यात आणखी एक गंमत, खरे तर विषण्ण करणारी गोष्ट: राजधानीतल्या छावण्यांत सुरुवातीला शेजारच्या झोपडपट्ट्यांपेक्षा कॉलरा कमी होता, कारण तिथे क्लोरीन घातलेले पाणी मदतसंस्था पुरवत होत्या.

हैतीची ही आठवण ताजी असतानाच २०२० मध्ये कोविडची जागतिक साथ आली. या वेळी मदतनीस स्वतःच रोग घेऊन येईल ही भीती आधीपासून होती. मार्चमध्ये निर्वासितांना तिसऱ्या देशात नेऊन वसवण्याचे प्रवास थांबवले गेले, सामुदायिक लसीकरणाच्या मोहिमा पुढे ढकलल्या गेल्या. बांगलादेशात कॉक्स बझारजवळच्या रोहिंग्या छावण्यांत आठ लाखांहून अधिक माणसे होती. काही भागांत चौरस किलोमीटरला चाळीस हजार. एप्रिलपासून तिथे फक्त अत्यावश्यक कामांसाठी मदतनिसांना प्रवेश होता. शाळा बंद झाल्या, अनेक सेवा बंद झाल्या. इंटरनेटवर तर आधीच्या सप्टेंबरपासून निर्बंध होते, त्यामुळे अफवांना ऊत आला. घरोघरी जाऊन लक्षणे विचारणे, हात धुणे समजावणे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला घरच्यांना राजी करणे, ही कामे छावणीतच राहणाऱ्या हजाराहून अधिक रोहिंग्या स्वयंसेवकांनी चालू ठेवली. भीती होती तेवढे मृत्यू तिथे नोंदले गेले नाहीत. याचे श्रेय स्वयंसेवकांना किती आणि लोकसंख्येत तरुणांचे व मुलांचे प्रमाण मोठे असण्याला किती, हे वेगळे काढून सांगता येणे कठीण आहे.

याच छावण्यांत ऑक्टोबर २०१७ मध्ये, लोक नुकतेच येत असताना, सुमारे सात लाख जणांना कॉलऱ्याची तोंडावाटे घ्यायची नवी लस दिली गेली होती, आणि तिथे गोमासारखी साथ आली नाही. ही लस १९७१ च्या टोचणीपेक्षा कितीतरी चांगली आहे: दोन मात्रांनी निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. तिचा आणीबाणीचा जागतिक साठा २०१३ पासून ठेवला जातो. पण २०२२ मध्ये एकाच वेळी इतक्या देशांत कॉलरा उसळला की साठा पुरेना. प्रत्येकाला दोन मात्रा देऊन निम्म्याच लोकांना दीर्घकाळ सुरक्षित करायचे, की एकेक देऊन दुप्पट लोकांना थोड्या काळापुरते? साठा सांभाळणाऱ्या गटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा पर्याय निवडला.